ग्रीक नियमांचा शंकरपट

आमच्या गावच्या शंकरपटाला यंदा ग्रीक देशाचे जुने नियम लागले, त्याला कारण नाल्यापलीकडचं गाव.

पट म्हणजे बैलजोडीची शर्यत. हलकी छकडी, तिच्यावर बैल हाकणारा एक धुरकरी, आणि समोर सरळ धावपट्टी. धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या आमगावकडे पटाशिवाय दुसरं बोलणं नसतं. नाल्यापलीकडच्यांनी मागल्या साली आपल्या पटाला ‘आंतरराष्ट्रीय’ नाव दिलं. बालाघाटची एक जोडी आली, डोंगरगढची एक आली, आणि कुणाच्या तरी साडूच्या ओळखीनं एक नेपाळी माणूस आला. त्याच्याजवळ बैल नव्हते. तो सडक अर्जुनीला ढाब्यावर भाजी चिरायचा. पण त्याला मंडपात खुर्ची दिली, पुढ्यात त्याच्या देशाचा झेंडा रोवला, आणि माइकवर दिवसभर सांगितलं की परदेशी पाहुणे हजर आहेत.

सेकंदाचे तुकडे मोजणारं यंत्र आणलं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या नंबरासाठी उंच-सखल पायऱ्यांचा ओटा बांधला. पहिल्या नंबरचे बैल त्यावर चढेनात. दुसऱ्या नंबरचे चढले, पण पहिल्याच्या जागी जाऊन उभे राहिले, आणि फोटो तसाच छापून आला. उत्तेजक दिलं की नाही हे पाहायला एक मुलगा बाटली घेऊन बैलांच्या मागं फिरत होता. आता गोमूत्र मीही रोज सकाळी घरात शिंपडते. त्याला लेबल लावलं की त्याचं सॅम्पल होतं, हे मला तेव्हा कळलं.

सगळी गर्दी तिकडे गेली. आमच्या पटात शेंगदाणे खाणाऱ्यांपेक्षा विकणारे जास्त होते.

म्हणून यंदा पौषातच देवळाच्या ओट्यावर मिटिंग बसली. मी आत अन्नपूर्णेपुढं दिवा लावत होते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडलं. सरपंच भोजराजभाऊ होते, सगळे धुरकरी होते, आमचे हेही होते. आणि आमगावच्या शाळेत इतिहास शिकवणारे टेकचंद मास्तर होते. मास्तरांचा आवाज वर्गातला. चार माणसांतही ते मागल्या बाकापर्यंत पोचेल असं बोलतात.

“नाल्यापल्याडच्यांनी का केलं?” मास्तर म्हणाले. “आजकालचं ऑलिंपिक आणलं. झेंडे, मेडल, मशीन, डोप टेस्ट. नव्याले नव्यानं हरवता येत नाई. त्याले जुन्यानं हाणा लागते. आपण पार ग्रीक देशातलं, पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचं ऑलिंपिक आणू. याच्याहून जुनं ते कुठून आणतीन?”

“आपला पट त्याच्याहून जुना असल तं?” कुणीतरी विचारलं.

“असल. पण आपल्या पटाचं कोणी लिहून नाई ठेवलं. त्याइचं लिहून हाय.”

मग मास्तरांनी नियम सांगायला सुरुवात केली. नंबर एकच. दुसरा नाही, तिसरा नाही.

“मंग हारला त्याले का भेटते?”

“काईच नाई. त्यानं मागच्या गल्लीनं तोंड लपवत घरी जायचं. तसं लिहून हाय.”

हे सगळ्यांना पटलं, कारण हरल्यावर आमच्याकडेही सगळे मागच्या गल्लीनंच येतात. नुसतं लिहून ठेवलेलं नाही.

वेळ मोजायची नाही. कोण पुढं, कोण मागं, एवढंच डोळ्यानं पाहायचं. सरपंचांनी मशालीचं विचारलं, कारण त्यांच्या भाच्यानं मशाल घेऊन देवरीपासून पळत यायची तयारी सुरू केली होती. मास्तर म्हणाले, मशालीची मिरवणूक आजकालच्या लोकांनी काढलेली, जुन्यात नाही. भाच्याला मध्येच निरोप पाठवावा लागला. जिंकणाऱ्याला जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, पानांचा मुकुट. त्याच्यासाठी गावाची भिंत पाडायची, म्हणजे गावाला असा वीर असताना भिंतीची गरज नाही असं दिसावं. आणि जन्मभर त्याला सरकारी खर्चानं जेवू घालायचं.

“आणि खेळाडू,” मास्तर जरा थांबले, “अंगावर काई नाई घालत.”

मी समईची वात उगाच पुढं केली.

“काई म्हणजे?” भोजराजभाऊंनी विचारलं.

“काई म्हणजे काईच नाई. पण,” मास्तरांनी लगेच हात वर केला, “रथ हाकणाऱ्याले सोडून. तो पायाच्या घोट्यापर्यंत लांब झगा घालते. तसंही लिहून हाय.”

सुटकेचा श्वास मला आत गाभाऱ्यात ऐकू आला. मग झगा कुठून आणायचा यावर बोलणं झालं, आणि घोट्यापर्यंतचा झगा प्रत्येकाच्या घरी दांडीवर वाळत घातलेला असतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं. अशा रीतीनं आमच्या गावच्या धुरकऱ्यांनी बायकोची मॅक्सी घालून पट हाकायचा असं ठरलं. ठराव एकमतानं झाला. दुसरा पर्याय कुणालाच नको होता.

“अन बायका?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“लग्न झालेली बाई खेळ पाहताना सापडली तं तिले डोंगरावरून ढकलून देत.”

“हे आपल्याकडं आधीपासूनच हाय,” भोजराजभाऊ खुशीत म्हणाले. “ढकलत नाई, तेवढं सोडलं तं.”

खरंच आहे. आमच्या गावात पटाच्या धावपट्टीवर बाई जात नाही. बांगड्यांच्या आवाजानं बैल बुजतो म्हणतात. आमची जोडी, लाखन आणि बदाम, माझ्या भावानं भाऊबीजेला मला वासरं दिली होती. बाटलीनं दूध मी पाजलं. रोज दुपारी त्यांना घास मी देते, त्याच बांगड्यांच्या हातानं. ते कधी बुजले नाहीत. पण ते धावतात कसे, ते मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी अंगणातून जात, संध्याकाळी फेस गाळत येत. मधलं सगळं मी लोकांच्या तोंडून ऐकलेलं. आणि लाखन आता उतरणीला लागला होता. यंदाचा पट शेवटचा, पुढं जोडी फक्त वखराला, हे ह्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. एकदा पाहायला मिळावं. देवाजवळ मी सहसा काही मागत नाही, पण हे मागितलं होतं.

“एक सूट हाय मात्र,” बाहेर मास्तर म्हणाले. “त्याइची एक धान्याची देवी होती. तिची पुजारीण तेवढी लग्नाची असून खेळ पाहे. तिच्यासाठी पांढऱ्या दगडाची जागा ठेवत. ती जागा रिकामी राहिली तं सारा खेळ अधुरा.”

“धान्याची देवी म्हणजे आपली अन्नपूर्णाच झाली.”

“तिची पुजारीण कोण हाय मंग आपल्याकडं?”

मग एकेकानं मान वळवून गाभाऱ्यात पाहिलं. मी हातात काडीपेटी धरून उभी होते. ह्यांनी मात्र मान वळवली नाही, ते चपलेचा अंगठा नीट करत बसले.

“सुखवंतावहिनी,” भोजराजभाऊ म्हणाले, “तुमचा उपास नसते ना त्या दिवशी?”

“असतो,” मी म्हटलं. “पण बसून राहायला उपास आड येत नाही.”

घरी येताना हे पुढं पुढं चालत राहिले. नाव घ्यायचं तर बिसनलाल, पण मी घेत नाही. अंगणात आल्यावर म्हणाले, “बांगड्या वाजवू नको म्हणजे झालं.”

महिनाभर आधीपासून मास्तरांनी युद्धबंदी लावली. जुन्या काळी खेळासाठी सगळ्या लढाया थांबत, म्हणून गावातली सगळी भांडणं बंद. आमच्या शेजारच्या धुरपताबाई आणि त्यांची जाऊ कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. युद्धबंदीत अबोला बसत नाही असं मास्तरांनी ठरवलं, म्हणून दोघींना बोलावं लागलं. बोलल्या आणि तिसऱ्या वाक्याला भांडण झालं. अबोला होता तोवर गल्ली शांत होती.

जैतून आमच्याकडे उगवत नाही. भोजराजभाऊंनी गोंदियाच्या बाजारातून जैतूनच्या तेलाची बाटली आणली, मोहाच्या पानांचा मुकुट गुंफला आणि त्यावर तेल शिंपडलं. मुंग्या लागल्या. दुसरा गुंफला.

पटाच्या दिवशी मी पहाटे उठून पूजा केली, नैवेद्याचा डबा भरला, छोटी पितळी घंटी घेतली. माझा नेम असा, की सूर्य डोक्यावर आला म्हणजे नैवेद्य दाखवायचा, घंटी वाजवायची, डोळे मिटून एक माळ अन्नपूर्णेचं नाव घ्यायचं, मग पहिला घास लाखन-बदामाला आपल्या हातानं द्यायचा, आणि त्यानंतर आपण तोंडात पाणी घालायचं. इतर वर्षी पटाच्या दिवशी बैल संध्याकाळी परत येईपर्यंत मी कोरडी राहायची. यंदा बैल समोरच असणार होते.

हे माझी निळी मॅक्सी घालून आरशासमोर उभे होते. तिच्यावर मोठी सूर्यफुलं आहेत.

“दुसरी नव्हती का वो?” त्यांनी विचारलं.

“दुसरी ओली आहे.”

“कैलाश काळी घालून येऊन राहिला म्हणते.”

कैलाश म्हणजे नाल्यापलीकडचा धुरकरी, मागल्या साली पायऱ्यांच्या ओट्यावर उभा राहिलेला. आमच्या पटात तो मुद्दाम उतरला होता, जुन्या नियमांतही आपणच पहिले हे दाखवायला.

“तुमच्या पायाला जरा लांब होते,” मी म्हटलं. “वर खोचा.”

“खोचली तं घोट्यापर्यंत नाई राहत. मास्तर बाद करतीन.”

माझी जागा धावपट्टीच्या शेवटाला होती. उलटं घातलेलं मोठं उखळ, त्याला चुन्याचा हात दिलेला. मी त्यावर बसले. समोर लांबच लांब पट्टी, पार दुसऱ्या टोकाला रंगीत मॅक्स्या हलताना दिसत होत्या. माझ्या पाठीशी टेकडी, जिच्यावर मारोती आहे. आणि त्या टेकडीवर गावातल्या सगळ्या बायका येऊन बसल्या होत्या.

मास्तर तावातावानं टेकडीखाली आले. “बाई, हे का चालवलंत? बाईनं पट पाह्यला तं ढकला लागते.”

“कुठून?” वरून धुरपताबाईंनी विचारलं.

“डोंगरावरून.”

“आमी डोंगरावरच हाओ जी. खाली धावपट्टीवर सापडलो तं धरून वर आणजा. मंग ढकलजा.”

मास्तर विचारात पडले. नियमात बाई आधीच डोंगरावर असेल तर काय, हे लिहिलेलं नव्हतं. ते “खाली तलाव हाय, सांभाळून बसा” एवढंच म्हणून गेले.

सगळ्यात वेळ शपथेनं खाल्ला. प्रत्येक धुरकऱ्यानं, त्याच्या बापानं, भावानं आणि बैलानं शपथ घ्यायची होती की आपण लबाडी करणार नाही. बैलांच्या वतीनं कोण बोलणार यावर वाद झाला. शेवटी बैलाच्या कपाळाला हात लावून मालकानं बोलायचं ठरलं. मग पट सुरू झाला. दोन जोड्या सोबत आल्या, गेल्या, धूळ बसली. पुढच्या दोन आल्या. मी डोळे ताणून पाहत होते. अगदी जवळून पाहिलं, इतकं जवळून की फेसाचा थेंब चष्म्यावर आला. पण ते दुसऱ्यांचे बैल होते.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आमची जोडी थेट शेवटच्या फेरीला निघाली होती, आणि तिच्यासमोर आता कैलाश उरला.

तेव्हा सूर्य डोक्यावर आला.

मी पट्टीच्या त्या टोकाकडे पाहिलं. कैलाशचे बैल आडवे फिरत होते, जुवाखाली यायला तयार नव्हते. झेंडीवाला खाली बसून पाणी पीत होता. मला वाटलं, अवकाश आहे. नेम आधी करून घ्यावा, मग निवांत पाहता येईल. मी डबा उघडला, वरण-भात आणि गुळाचा घास पानावर काढला, घंटी वाजवली आणि डोळे मिटले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. धुरपताबाईंनी जे सांगितलं आणि नंतर सगळ्या गावानं जे शंभरदा सांगितलं, ते लिहिते.

लाखननं कान उभे केले. रोज ह्या घंटीनंतर तो आणि बदाम दावणीतून मान काढून उभे राहतात. झेंडीवाल्यानं पाणी पिऊन झेंडी उचलली, कैलाशचे बैल जुवाखाली आले, आणि झेंडी खाली पडते न पडते तोच आमची जोडी सुटली. हे छकडीवर नीट बसलेलेही नव्हते. मॅक्सीचं टोक चाकात गेलं. सूर्यफुलं गुंडाळत चाकानं ह्यांना मागं ओढलं, आणि हे धावपट्टीवर पाठीवर आले. छकडी, बैल आणि अर्धी मॅक्सी पुढं निघून गेली.

धुरपताबाई म्हणाल्या, असा बदाम त्यांनी कधी पाहिला नाही. वरून सगळ्या बायका ओरडत होत्या, आणि एवढ्या बांगड्या एकदम वाजल्या तरी एकही बैल बुजला नाही.

मी नाव घेत होते. माळ संपायला थोडे मणी उरले असताना पायाखालची जमीन हलली, आणि मला वाटलं देवी प्रसन्न झाली. मग माझ्या मांडीवर ओलं, गरम काही टेकलं. मी शेवटचा मणी ओढला, डोळे उघडले. लाखनचं नाक माझ्या मांडीवर होतं. बदाम घास शोधत होता. दोघांच्या पोटांचे भाते चालू होते. मागं रिकामी छकडी. कैलाश अजून पट्टीच्या मध्यात होता.

मी दोघांना घास दिला. मग पाणी प्याले. एवढ्यात सगळे धावत आले.

कैलाश छकडीवरून उडी मारतच आला. काळ्या मॅक्सीत तो ऐटदार दिसत होता, खोटं कशाला बोलू. “धुरकरी खाली पडला. जोडी बाद. कोण्याही देशात जा, बाद.”

“कोण्याही देशात नाई,” मास्तर म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. आयुष्यभर शिकवलेलं एकदाचं कामी आलं होतं. “आजकालच्या खेळात बाद. जुन्यात नाई. त्याइच्याकडं एका घोडीनं आपला स्वार सुरुवातीलेच पाडला. एकटी धावली, वळली, पह्यली आली. पंचांनी तिलेच जिंकवलं. लिहून हाय.”

“तुमचं सारंच काऊन लिहून असते जी?”

“तुमची मशीन असते तसं.”

“अन ती घंटी?” कैलाशनं माझ्याकडे बोट केलं, मग बाईमाणूस म्हणून ते खाली घेतलं. “ते उत्तेजकच झालं ना. आमच्याकडं असतं तं बाटली लावली असती.”

“घंटीचं सॅम्पल कसं घेतीन?” भोजराजभाऊंनी खरंच विचारलं.

यावर बरंच बोलणं झालं. बैलानं घंटी प्यायली नाही, खाल्ली नाही, हुंगलीसुद्धा नाही. कानात गेलेलं उत्तेजक धरायचं तर धुरकऱ्यांचं ‘हुर्रर्र’ही धरावं लागेल, आणि मग या जिल्ह्यात एकही जोडी शुद्ध उरणार नाही. कैलाशची मान मात्र हलत राहिली.

तेवढ्यात हे आले. लंगडत, अर्ध्या मॅक्सीत, पाठीला सगळी धावपट्टी लागलेली. आपण जिंकलो एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते मुकुटासमोर येऊन डोकं वाकवून उभे राहिले.

मास्तरांनी मुकुट मागं घेतला. “बिसनलाल, जुन्या नियमात मुकुट हाकणाऱ्याले नाई. मालकाले.”

“मंग मीच ना मालक.”

“जोडी कोणाच्या नावानं हाय ते पाहा लागते.”

बैलांच्या कानात पिवळे बिल्ले आहेत. गुरांच्या डॉक्टरांचं शिबिर आलं तेव्हा हे नाल्यापलीकडं पट पाहायला गेले होते, म्हणून बिल्ले मारून घ्यायला मी उभी राहिले होते. पटाला आलेल्या डॉक्टरांनी बिल्ल्याचा नंबर आपल्या मोबाइलवर टाकला आणि वाचलं, “सुखवंता बिसनलाल पटले.”

ह्यांनी वाकवलेलं डोकं हळूहळू वर केलं.

“एक शेवटचं,” मास्तर म्हणाले. “पंच लांब होते. शेवटच्या रेघेजवळ डोळ्यानं पाहणारं एकच माणूस होतं. पुजारीणबाई, लाखन-बदाम पुढं होते, हे तुमी पाह्यलं ना?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खोटं बोलत नाही, तोही नेमच आहे.

“नाही,” मी म्हटलं. “माझे डोळे मिटलेले होते.”

गावाच्या इतिहासात पट पाहायला परवानगी मिळालेली एकटी बाई, आणि तिनं पाहिला नाही. कैलाशला हसू आलं, पण त्यानं ते मॅक्सीच्या बाहीत पुसलं.

“आमी पाह्यलं,” वरून धुरपताबाईंचा आवाज आला. “लाखन-बदाम पुढं. इकडची पोरगीबी सांगल. मॅक्सीवाला मागं, काळीवाला.”

“इकडची जाऊबी सांगल,” त्यांच्या जावेनं ओरडून सांगितलं. दोघींचं एका गोष्टीवर एकमत व्हायला युद्धबंदी संपायची वाट पाहावी लागली नाही, हे मास्तरांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

डोंगरावरून आलेला निकाल डोंगरावरून ढकलून देता येत नव्हता. तो मानला गेला.

मुकुट माझ्या डोक्यावरच्या पदरावर ठेवला. तेल कपाळावरून ओघळलं, साडीला डाग पडला, तो अजून गेलेला नाही. मग भिंत. आमच्या गावाला भिंत नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या कुंपणाची पाडली. ती तशीही कलली होती, आणि भोजराजभाऊंना तिथून ट्रॅक्टर न्यायची वाट हवी होती. पण लाखन-बदाम त्या भगदाडातून जाईनात. ते वळले आणि नेहमीच्या फाटकातून आत गेले, म्हणून आम्ही सगळे त्यांच्या मागं फाटकातूनच गेलो. जन्मभर जेवणाचं पंचायतीनं माझ्याशी बोलून घेतलं. मी आठवड्यातले किती दिवस जेवते ते ऐकल्यावर सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. उरलेल्या दिवसांचं मी बैलांच्या ढेपेवर, म्हणजे पेंडीवर, लावून घेतलं.

घरी ह्यांच्या कमरेला हळद-चुना लावत होते. मुकुट देव्हाऱ्यात ठेवला होता, बदाम खिडकीतून त्याच्याकडे पाहत होता.

“काऊन चूप हायेस?” ह्यांनी विचारलं. “मुकुट तुले, ढेप तुले, नाव तुह्यं.”

“मला पाहायचं होतं,” मी म्हटलं. “फक्त ते एक पाहायचं होतं.”

ह्यांनी खिडकीतल्या बदामकडे पाहिलं. हसतील असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपार होत आली तेव्हा दावणीला बैल नव्हते. अंगणात माझ्या चपला मात्र बाहेरच्या बाजूला तोंड करून मांडून ठेवलेल्या होत्या. मी डबा घेतला, घंटी घेतली, धावपट्टीकडे गेले.

तिथं कुणी नव्हतं. मंडप निघाला होता, कागदाचे द्रोण वाऱ्यावर फिरत होते. टेकडीवर एक बकरी. पांढरं उखळ तसंच होतं. पार दुसऱ्या टोकाला हे लाखन-बदामाचे कासरे धरून उभे होते, कमरेवर एक हात. छकडी नव्हती, मॅक्सी नव्हती.

मी बसले. सूर्य वर यायची वाट पाहिली. डोळे मिटायला मला सासूबाईंनी शिकवलं होतं, मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. पोथीत तसं कुठं लिहिलेलं नाही. मन कुठं जाणार होतं मला नीट माहीत होतं, आणि तिथंच त्याला जाऊ द्यायचं होतं. मी नैवेद्य काढला, घंटी वाजवली आणि डोळे उघडे ठेवून नाव घ्यायला लागले.

त्यांनी कासरे सोडले.

आधी नुसते दोन ठिपके, जागच्या जागी वर-खाली होणारे. मग त्यांना मान आली. लाखन धावताना जीभ जरा डाव्या बाजूला काढतो. बदाम त्याच्याकडे पाहत धावतो, समोर नाही. मधे एक जागा आहे, जिथं चारही पाय वर असतात, आणि दोघांचे एकदमच वर असतात. ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. कानातले पिवळे बिल्ले उन्हात चमकत होते. माळेचे मणी बोटांतून आपोआप जात होते, आणि मला वाटतं त्या दिवशी प्रत्येक नाव मन घालून घेतलं गेलं.

ते येऊन थांबले. मी घास दिला.

हे मागून चालत आले, खूप वेळानं. उखळाला टेकून उभे राहिले, धाप टाकत.

“पाह्यलं?”

मी मान हलवली.

“तोंड कसं दिसते जी त्याइचं, धावताना?” त्यांनी विचारलं. मला ते ‘जी’ कधी म्हणत नाहीत. “मी मागंच बसलेला राह्यलो ना. एवढी वर्षं मले फक्त शेपट्या दिसल्या.”

मी सांगायला लागले, लाखनच्या जिभेचं, बदामच्या डोळ्याचं. पण ते सांगण्यासारखं नाही.

“उद्या मी तिकडून सोडते,” मी म्हटलं. “तुम्ही इथं बसा.”

“अन घंटी?”

मी घंटीकडे पाहिलं. ती मी आजवर कुणाच्या हातात दिलेली नाही.

“वाजवा,” मी म्हटलं. “पण आंघोळ करून या.”